दाजी, खूण जुळली नाही

दाजी, सीडीवर नाव लिहिलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?

माणूस गेल्यावर त्याच्याशी पहिलं काय बोलावं याची काही रीत असेल. माझ्या तोंडात मात्र तुम्ही गेल्यापासून हाच प्रश्न आहे. दौंडला तुमच्या दुकानात बसून मी सीड्यांच्या चळती उपसल्या. एकीवर नाव असेल तर शपथ. मार्करची शाई सीडी खाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. मी म्हणायचो, अहो, निदान कागदाच्या पाकिटावर तरी लिहा. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "नाव काय, कुनी बी कायबी लिहितंय. खूण बघायची, पाव्हणं." आता खूण बघायला मी एकटा आणि सीड्या ढीगभर. तुम्ही होतात तेव्हा तुमचा इतका राग मला कधी आला नव्हता.

राग आला की मी बोलतो, हे तुम्हाला माहीत आहे. आक्काचा नवरा म्हणून तुमचा मान ठेवायचा, असं लग्नात आईनं मला बजावलं होतं. मी मान ठेवला तो फक्त 'तुम्ही' म्हणण्यापुरता. बाकी आपण भांडतच आलो. त्यातली कितीतरी भांडणं अर्धीच आहेत, आणि आता ती घेऊन मी कुणाकडे जाऊ?

हा खुणेचा नाद आपल्याला लागला तो माझ्या क्लासपायी. शिरूरला माझा कॉम्प्युटर क्लास नवा होता. फोनची लाइन अशी, की मोठी फाइल उतरवायला बसलं की हमखास मध्येच तुटायची. तुमचं सायबर कॅफे दौंडला स्टेशनजवळ, तिकडची लाइन बरी. तुम्ही फायली उतरवायचात, सीडीवर भरायचात आणि पाकीट दौंड-शिरूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचात. मी इकडे स्टँडवर जाऊन उभा. एकदा अशाच सीडीवरून मी क्लासमधल्या सगळ्या मशीनवर प्रोग्राम चढवला आणि सगळी मशीनं एकजात बसली. सीडी हलकी, ती भरणारा तुमचा रायटर म्हातारा, वर न्हावऱ्याच्या रस्त्याची धूळ. फाइलचा कुठलातरी तुकडा बिघडला होता आणि वरून बघून काही कळत नव्हतं. मी फोनवर तुम्हाला नाही नाही ते बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग काही दिवसांनी तुमचाच फोन आला, "पाव्हणं, औषीद घावलं."

औषध म्हणजे एमडी-फाइव्ह. फाइल केवढीही असो, कॉम्प्युटर ती सगळी दळतो आणि शेवटी बत्तीस अक्षरांची एक ओळ हातात देतो. त्यात आकडे आणि इंग्रजी ए ते एफ, एवढंच. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी सगळी ओळ पालटते. तिकडे तुम्ही ओळ काढायची, इकडे मी काढायची, दोन्ही जुळल्या तर सीडी चांगली. क्लासमध्ये मी याला हॅश म्हणून शिकवायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलंत. "म्हंजी मेंढराच्या कानाची खूण की वो," म्हणालात. तुमचे वडील, आबा, मेंढरांच्या कानाला कातरून खाच पाडायचे. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं मेंढरू कान धरून ओळखायचं, हे तुम्ही लहानपणी खुटबावला पाहिलेलं. आपल्या दोन्ही घरांत मेंढरं राहिली नाहीत, ऊस आला. पण हा शब्द तुम्ही तिकडून उचललात आणि मीही नकळत तोच वापरायला लागलो.

पहिल्या खुणेलाच आपली जुंपली होती. आकडे ठीक, पण बी, सी, डी, ई ही अक्षरं फोनवर सगळी सारखीच वाटतात. मग तुम्ही प्रत्येक अक्षराला एक गाव वाटून दिलंत. ए म्हणजे आलेगाव, बी भांडगाव, सी चौफुला, डी दौंड, ई इनामगाव, आणि एफ म्हणजे मांडवगण फराट्यातला फराटा. तेव्हापासून आपल्या फोनवर एक भलतीच गाडी धावू लागली. "सात, भांडगाव, शून्य, दौंड, दौंड, चार, इनामगाव." तुमच्या कॅफेत बसलेल्या एका गिऱ्हाइकानं एकदा विचारलं होतं ना, की दौंडला दोनदा थांबणारी ही गाडी कुठल्या डेपोची? तुम्ही त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, "पाव्हण्यांच्या डेपोची. लई हालवती, बसू नगा."

तुम्ही वाचायचात, मी पडद्यावर बोट ठेवून बघायचो. शेवटचं अक्षर झालं की तुम्ही जरा थांबायचात आणि विचारायचात, "जुळलं का, पाव्हणं?" मी "जुळलं, दाजी" म्हटल्याशिवाय तुम्ही कधी फोन ठेवला नाहीत. दुपारी तुम्हाला जेवायला सोडवायला आक्का दुकानात येऊन बसायची, तेव्हा तीही हे सगळं ऐकत असायची. मी तुमच्या घरी आलो की ती मला चिडवायची. म्हणायची, "नाना, आज किती गावं फिरून आलास?"

मग आबांचं ध्वनिमुद्रण झालं. तुम्ही त्याला 'आबाची कॅसेट' म्हणायचात. आबांचा दमा वाढत चालला होता आणि तुमच्या मनात आलं की लहानपणी ते मेंढरं घेऊन कुठून कुठे चालत जायचे, ते त्यांच्याच तोंडून भरून ठेवावं. खुटबावच्या अंगणात, बाजेजवळ टेपरेकॉर्डर ठेवून तुम्ही त्यांना बोलतं केलंत. "मंग आबा? पारगावला नदी उतरली, मंग?" आणि आबा सांगतायत. पारगाव, न्हावरा, तळेगाव, वढू, पुढे डोंगर. कुठे पाणी गोड, कुठल्या पाटलानं शेतात कळप बसवायला बोलावलं, कुठे कुत्रं मेलं. ते सगळं तुम्ही कॉम्प्युटरवर घेतलंत, पुसून पुन्हा वापरता येते तसल्या सीडीवर भरून मला आणून दिलंत आणि सीडी परत नेलीत. रात्री नीट उतरलं की नाही ते बघायला खूण सांगितलीत. मी ती माझ्या मशीनच्या पत्र्यावर मार्करनं लिहून ठेवली. मार्करनं लिहिली ती मुद्दाम, तुम्हाला चिडवायला. ती आजही तिथे आहे.

खरं सांगू? मी ते सुरुवातीचं थोडं ऐकलं आणि ठेवून दिलं. आबा मला समोर भेटत होते, त्यांचं फाइलमधलं कोण ऐकत बसणार.

आबा गेले, आणि वर्षश्राद्धाला लावायला तुम्ही त्या फाइलची दुसरी, साफ केलेली प्रत केलीत. त्यावरचं आपलं भांडण तुम्हाला आठवत असेल. मी दौंडला आलो होतो. तुम्ही कानाला हेडफोन लावून कापाकापी करत बसला होतात. कुत्र्याचं भुंकणं गेलं, भांड्यांचा आवाज गेला, पंप गेला. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तुम्ही तुमचे स्वतःचे सगळे "मंग आबा?" सुद्धा उडवलेत. एकही ठेवला नाहीत.

मी म्हटलं, "दाजी, तुमचा आवाज का काढला? विचारणारा नसला तर म्हातारा भिंतीशी बोलतोय असं वाटतं."

"मी कशाला मधी? लोकास्नी आबाचं ऐकायचंय."

"तुम्ही विचारलंत म्हणून तर आबा बोलले."

"आवो पन मी हाय की हितं. मला ऐकायचं तर घरी या."

"आणि मूळ फाइल?"

तेव्हा तुम्ही हेडफोन काढलात आणि माझ्याकडे बघितलंत. "मूळ ते मूळच ऱ्हातंय, पाव्हणं. त्याला हात न्हाई लावायचा. एक ठिपका हालला तरी खूण बदलती. मंग ते कितीका चांगलं असंना, ते ते न्हाई."

"बदललं तरी किती बदललं ते बघायला नको? कुत्रं काढलं काय आणि माणूस काढला काय, सारखंच?"

"किती ते खूण सांगत न्हाई. त्येच हाय का न्हाई, येवढंच सांगती."

मी म्हणालो, ही कसली खूण, हिला दयामाया नाही. तुम्ही हसलात आणि पुन्हा हेडफोन चढवलात. ती साफ प्रत सगळ्या पाहुण्यांना वाटली गेली. आज आपल्या नात्यात घराघरात आबा बोलतात, आणि तुम्ही कुठल्याच घरात नाही. तुमचं तुम्हीच स्वतःला कातरून टाकलंत, दाजी. हे मनात आलं की मी उठून येरझाऱ्या घालतो. क्लासमधली पोरं एकमेकांकडे बघतात.

त्यानंतर माझ्या मशीनची हार्ड डिस्क गेली. विजेनं एकदा असा काही झटका दिला की पुन्हा ती चालू झालीच नाही. कॅसेट तर टेपरेकॉर्डरनं कधीच चावून टाकली होती. मी घाबरून फोन केला, तर तुम्ही हसत होतात. "भिऊ नगा. मूळ माझ्याकडं हाय." मी लगेच विसरून गेलो. तुमच्याकडे असलेल्या गोष्टीची काळजी करायची आपल्या घरात कुणाला सवयच नव्हती.

आणि आपलं शेवटचं भांडण. ते तर फोनवरच राहिलं. मी इंटरनेटवर वाचलं होतं की एमडी-फाइव्ह आता खात्रीचं राहिलं नाही, दोन वेगळ्या फायलींची एकच खूण परदेशात कुणीतरी जुळवून दाखवली. मला कोण आनंद! लगेच फोन लावला. "दाजी, तुमची खूण फुटली."

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मंग? मेंढराच्या कानाची खूण बी चोर कातरतोच की दुसऱ्या मेंढराला. म्हून आबानं खूण करायची सोडली व्हय?"

"मग खूण जुळली तरी विश्वास कशावर ठेवायचा?"

"त्ये फोनवर न्हाई सांगता यायचं. रविवारी येतो शिरूरला, तवा बसून सांगतो. तवर आपुन मोठी खूण घिऊ. चाळीस अक्षरांची असती म्हनं."

"म्हणजे आणखी गावं शोधायची?"

"गावं तीच वो. फेरा लांबचा."

तो रविवार उजाडायच्या आत आक्काचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं आणि मला नीट ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवसाबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. तुम्ही काय सांगणार होतात, याचा मात्र मी रोज विचार करतो आणि रोज चिडतो. आधी उत्तर द्यायचं, मग जायचं. एवढं कसं सुचलं नाही तुम्हाला?

तेरावं झालं. पाहुणे पांगले. मी निघालो तर आक्का उंबऱ्यापाशी आली. तिनं रडून घेतलं होतं, आता नुसतीच कोरडी झाली होती. म्हणाली, "नाना, मला ह्यांचा आवाज काढून दे."

मला आधी कळलंच नाही. "कसला आवाज?"

"आबांच्या कॅसेटीत हायेत ना ते. मंग आबा, मंग आबा करत्यात. तेवढं दे. मला दुसरं काय बी नगं."

घरोघरच्या प्रतीत ते नाहीत, हे तिलाही माहीत होतं. मूळ फाइल हवी होती. माझी हार्ड डिस्क गेलेली. राहिलं तुमचं दुकान. तेही महिनाअखेर खाली करून द्यायचं होतं. मी म्हटलं, "आणतो." म्हणताना आक्का माझ्याकडे एकटक बघत होती आणि तिचा चेहरा भ्यालेला होता. आवाज मिळणार नाही म्हणून ती भ्याली असेल, असं मला तेव्हा वाटलं.

म्हणून मी तुमच्या दुकानात बसलो. शटर अर्धं खाली ठेवून, कारण पूर्ण वर केलं की माणसं यायची आणि "लई वाईट झालं" म्हणायची, आणि मला त्यांच्याशी तेच तेच बोलावं लागायचं. दाराजवळच्या मशीनवर सीडी घालायची, उघडायची, बघायची, काढायची. ड्रायव्हर. अँटीव्हायरस. कुणाच्या लग्नाचे फोटो. भजनं. पुन्हा ड्रायव्हर. कुणाचा तरी अर्धवट प्रोजेक्ट. मध्येच लोडशेडिंग, यूपीएस ओरडायला लागायचा, सगळं बंद करून उकाड्यात बसून राहायचं. बाहेर स्टेशनवर गाडीची घोषणा व्हायची, तिच्यात दौंड म्हटलं की माझं बोट आपोआप पडद्याकडे जायचं. नाव लिहिलं असतं तर! एक शब्द, दाजी. 'आबा'. दोन अक्षरं लिहून तुमची कुठली सीडी शाईनं खाल्ली असती?

सगळ्या चळती संपल्या. फाइल नव्हती. मी आक्काला काय तोंड दाखवू या विचारानं दुकानातल्या दुकानात फिरत होतो. राहिलं होतं एकच, तुमचं गल्ल्यामागचं मशीन. ते मी चालू केलंच नव्हतं. त्या खुर्चीवर बसायला मन धजत नव्हतं. अजून तिच्या पाठीवर तुमचा पंचा होता. शेवटी उभ्या उभ्याच मशीन चालू केलं आणि सीडीचा ड्रॉवर उघडायचं बटण दाबलं. ड्रॉवर बाहेर आला, आणि त्यात एक सीडी होती. बिननावाची, अर्थातच.

आत एकच फाइल. नाव, 'आबा मूळ'. लावली आणि पहिलाच आवाज तुमचा. "बोला आबा. चालू हाय." मी तुमच्या खुर्चीवर मटकन बसलो.

लगेच आक्काकडे धावायला हवं होतं. पण तुम्ही लावलेली सवय! पत्र्यावरची खूण मी चिठ्ठीवर उतरवून आणली होती. ती पडद्याशेजारी धरली आणि फाइलची खूण काढली. पहिलंच अक्षर वेगळं. दुसरंही. मी पुन्हा काढली. सीडी पुसून पुन्हा. दर वेळी ओळ तीच, आणि चिठ्ठीवरच्या ओळीशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे सीडी खराब नव्हती, फाइलच वेगळी होती. मूळ म्हणून ठेवलेली फाइल मूळ नव्हती.

किती वेगळी? काय बदललं? खूण सांगत नाही, बरोबर? तुमचंच म्हणणं माझ्या कपाळी आलं. मी फाइल ऐकली. कुत्रं होतं. भांडी होती. पंप होता. तुमचे "मंग आबा" सगळे जागच्या जागी. आबांचा खोकला, बाजेची कुरकुर, सगळं. बदललेलं काही सापडेना. दोनदा ऐकली आणि मला तुमचा असा संताप आला की सांगता येत नाही. मला ठिपका हलवू नका म्हणून शिकवणारा माणूस, आणि स्वतःच हात घालतो? वर नाव देतो 'मूळ'? तुमच्या शब्दावर मी निर्धास्त राहिलो, दाजी. त्या घटकेला तुम्ही समोर असतात तर मी दाजी-बिजी काही बघितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आक्काला दुकानात घेऊन आलो. तिला तुमच्या खुर्चीवर बसवलं. खूण जुळली नाही वगैरे तिला काही बोललो नाही, तिला त्याचं काय. फाइल लावली. "बोला आबा. चालू हाय," तुम्ही म्हणालात आणि आक्कानं पदर तोंडावर धरला. मग ऐकत गेली. तुम्ही विचारताय, आबा चालतायत. पारगाव गेलं, न्हावरा गेला. आक्का रडत होती, मध्येच हसतही होती. तळेगाव आलं तशी ती सावरून बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. डोळे मिटले. मला कळेना हिला काय झालं.

आबा म्हणत होते, "वढूला आलो का म्हाराजाच्या समाधीला हात जोडायचं. कळप खाली ठिवायचा, आन् आळीपाळीनं जायाचं."

"मंग आबा?"

"मंग झुंजुरकाला निघायचं डोंगराकडं."

आक्कानं डोळे उघडले. "थांब. मागं घे."

मी मागं घेतलं. वढू, हात जोडायचे, आळीपाळीनं जायचं, 'मंग आबा', भल्या पहाटे निघायचं.

"पुन्यांदा."

पुन्हा लावलं. ती पडद्याकडे बघत राहिली, जणू तिथे काही दिसणार होतं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काढलं व्हय ह्यांनी?"

"काय काढलं, आक्का?"

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी ती रानातनं दमून आली होती. आबांचं वढूचं सांगणं तिनं शंभरदा ऐकलेलं. आबांनी मध्येच पुन्हा चहा मागितला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मेली ती मेंढरं कवाच! आता तरी गप बसा." टेप चालू आहे हे तिला माहीत नव्हतं. आबा गप बसले. बराच वेळ गप बसले. आणि ते सगळं कॅसेटीत गेलं, तिचं ओरडणंही आणि आबांचं गप बसणंही.

"म्या ह्यांच्या पाया पडले. म्हनलं, तेवढं पुसा. आबा गेल्यावर तर लईच लागाय लागलं. तर म्हनले, मूळ ते मूळच. खूण बदलती. म्या पुन्हा बोलले न्हाई." ती पदरानं चेहरा पुसत होती, पण थांबत नव्हतं. "आज म्हनलं, ऐकावं लागंल तर लागंल. ह्यांचा आवाज तरी कानावर पडंल. आन् बघ. काढलंय ह्यांनी. मला सांगितलं बी न्हाई."

तिला भीती आवाज न मिळण्याची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तो मिळाला तर त्याच्या मागोमाग तिचा स्वतःचा येणार होता, आणि तरीही तिनं तो मागितला होता.

दाजी, आता सांगा. तुमचे सगळे "मंग आबा" त्या साफ प्रतीतून का उडवलेत? एकट्या तिचंच काढलं असतं तर कुणीतरी ओळखलं असतं, नाही का? माझ्याकडे तेव्हा मूळ होतं, मीच ताडून ओळखलं असतं. इथे काय होतं, म्हणून खोदून खोदून विचारलं असतं. म्हणून कुत्रं काढलंत, भांडी काढलीत, पंप काढला आणि त्या गर्दीत स्वतःलाही काढलंत. आणि मग कधीतरी, दुकानात कुणी नसताना, ज्याला हात लावायचा नाही म्हणालात त्या मूळ फाइललाही हात लावलात. तिला नाही सांगितलंत, मला नाही सांगितलंत. सांगितलं असतं तर तिला तुमच्यासमोर पुन्हा ते सगळं आठवावं लागलं असतं.

असं मी धरून चाललोय. खरं काय ते तुम्हालाच माहीत. कदाचित तुम्ही हसून म्हणाला असतात, "पाव्हणं, चुकून डिलीट झालं वो." पण इतकं मापात चुकून होत नाही. मी ते कापलेलं ठिकाण कान लावून लावून ऐकलं, सांधा सापडत नाही. माझा राग कुठे ठेवू ते मला कळत नाही. मघापर्यंत हातात होता, आता हात नुसतेच रिकामे आहेत.

रविवारी तुम्ही काय सांगणार होतात तेही अजून राहिलंच आहे. विश्वास कशावर ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडून हवं होतं मला. मी माझं उत्तर शोधून काढणार नाही. भांडायला पुढे कुणी नसताना उत्तर काढण्यात काय अर्थ आहे?

फाइलची एक प्रत मी शिरूरला आणली. मूळ सीडी आक्काकडेच ठेवली. तिच्या पाकिटावर तिनं स्वतः बॉलपेननं लिहिलं, 'हे आणि आबा'. 'हे' म्हणजे कोण, हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

आज दुपारी तिचा दुकानातून फोन आला. किल्ली द्यायची होती आणि सकाळी मी प्रत घेऊन निघालो तेव्हापासून तुमचं मशीन चालूच होतं. म्हणाली, "नाना, तुझ्याकडं गेलेलं नीट गेलंय का रं? मधी काय बिघडलं नसंल ना?"

मी म्हटलं, नीट ऐकू येतंय, काळजी करू नको.

"ऐकू येतंय त्ये सोड. खूण बघ."

मी तिला सांगितलं, पाकिटातली सीडी ड्रॉवरमध्ये घाल, पडद्यावर काळी खिडकी उघडी आहे, मी टाइप करून ठेवलेलं आहे, फक्त एंटर दाब. इकडे मी माझी ओळ काढली. पत्र्यावरची जुनी खूण तिथेच होती, मी पडद्यावरच्या नव्या ओळीखाली बोट ठेवून बसलो. थोडा वेळ नुसतीच खरखर. मग आक्का वाचायला लागली. अक्षरं नव्हे, गावं. तिला कुणी कधी शिकवली नव्हती. "तीन, आलेगाव, आलेगाव, नऊ, फराटा, शून्य, इनामगाव." सावकाश, एकेक गाव सुटं करून, कुठे न अडखळता. माझं बोट पडद्यावर सरकत होतं. चौफुला आलं, दौंड आलं, भांडगाव आलं. शेवटचं अक्षर झालं आणि ती थांबली.

मग तिनं विचारलं. मला कधीच तसं न म्हणणारी माझी बहीण, तुमच्याच चालीत म्हणाली, "जुळलं का, पाव्हणं?"

"जुळलं, दाजी," माझ्या तोंडून निघून गेलं.

फोन तिनं ठेवला नाही, आणि मीही नाही.